धुरजड आणि उलाळ : पलूस परिसरातील ऊसवाहतुकीच्या जोडणीचा इतिहास

पलूस तालुक्याच्या आर्थिक इतिहासात किर्लोस्करवाडीचा कारखाना आणि कुंडलचा क्रांतिअग्रणी डॉ. जी. डी. बापू लाड सहकारी साखर कारखाना यांची नोंद आवर्जून घेतली जाते. भिलवडी, अंकलखोप या कृष्णाकाठच्या गावांतून गव्हाणीपर्यंत ऊस ओढून नेणाऱ्या वाहनांचा विचार मात्र क्वचितच होतो. ओढणारा आणि ओढले जाणारे वाहन यांमधील जोडणी हा या इतिहासातील कळीचा भाग होय.

दुचाकी बैलगाडीत ही जोडणी म्हणजे जू. भार आखाच्या पुढे अधिक पडला तर गाडी धुरजड होऊन बैलांच्या मानेवर ओझे येई. मागे अधिक पडला तर ती उलाळ होऊन जू वर उचलले जाई. म्हणून गाडी भरताना तोल पाहणे हे गाडीवानाचे पहिले काम असे. हे दोन शब्द म्हणजे यंत्रशास्त्राचा एक नियमच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये औंध संस्थानच्या माळावर लोखंडी नांगराचा कारखाना उभारला. शेतीत यंत्र आले, तरी ते ओढणारा बैलच राहिला.

पुढे लाकडी चाकांची जागा रबरी टायरने घेतली. ओढ हलकी झाली आणि त्याच बैलजोडीवर अधिक ऊस लादला जाऊ लागला. सुधारणेचा लाभ जनावराला मिळाला नाही, हे नमूद करावे लागते.

ट्रॅक्टर आल्यावर प्रश्नाचे स्वरूप बदलले. एका आखाची गाडी धुरजड भरली तर ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होऊन सुकाणू ढिले पडते. उलाळ भरली तर मागची पकड कमी होऊन गाडी डोलू लागते. चारही चाके जमिनीवर असलेल्या, पुढचा आख फिरता असणाऱ्या ट्रॉलीत हा दोष नाही, कारण तिचे वजन हुकावर येत नाही. परंतु तिला स्वतःचा ब्रेक नसेल तर उतारावर ती ट्रॅक्टरला मागून ढकलते. चालकाने वळणावर एकदम ब्रेक दाबल्यास ट्रॉली आडवी फिरते. दोन ट्रॉल्या एकामागे एक जोडल्यावर धोका आणखी वाढतो, कारण दुसरीचे वागणे पहिलीमार्फतच चालकाला कळते, तेही उशिरा.

मोटार वाहन कायदा, 1988 नुसार मोटार वाहनाने ओढले जाणारे असे वाहन ‘ट्रेलर’ ठरते आणि नोंदणीच्या तरतुदी त्यालाही लागू होतात. बैलगाडीबाबत असा प्रश्न नव्हता. तिचा वेगच तिची मर्यादा होता. ट्रॅक्टरच्या बाबतीत ती मर्यादा चालकाच्या पायाखाली आली, आणि गळिताच्या हंगामात खेपांवर मोबदला ठरत असल्याने वेग कमी ठेवणे त्याला परवडत नाही. केवळ चालकाला दोष देणाऱ्या लिखाणात ही बाजू येत नाही.

हुकातील खीळ निसटू नये म्हणून तिला अटकाव, खीळ तुटलीच तर ट्रॉली धरून ठेवणारी साखळी, प्रत्येक ट्रॉलीला ब्रेक आणि उसाच्या मोळ्यांनी झाकले न जाणारे मागचे परावर्तक, एवढी साधने पुरेशी आहेत. ती महागही नाहीत. रात्री बंद पडलेल्या ट्रॉलीवर मागून येऊन आदळणारा दुचाकीस्वार आणि टोळीच्या स्थलांतरात ट्रॉलीवर संसारासह बसलेली मजुरांची मुले, या दोघांचाही जीव त्यांवर अवलंबून असतो.