भातुकलीतला पंचनामा

भातुकली म्हटलं की चूल, बोळकी आणि बाहुला-बाहुलीचं लग्न. पण 1940च्या दशकात अमेरिकेतल्या फ्रान्सिस ग्लेसनर ली या बाईंनी जी घरं मांडली, त्यांत बाहुली मेलेली असायची!

लीबाई 1878 साली शिकागोच्या एका गर्भश्रीमंत घरात जन्मल्या. भाऊ हार्वर्डला शिकला, यांना मात्र कॉलेजात पाठवलं नाही. मुलीच्या वाट्याला शिवणटिपण. पुढे पन्नाशी उलटल्यावर, 1931 साली, त्यांच्याच देणगीतून हार्वर्डमध्ये न्यायवैद्यकाचा विभाग उभा राहिला.

पोलिसांना घटनास्थळ नीट बघायला शिकवायचं कसं? लीबाईंनी खऱ्या प्रकरणांवर बेतलेल्या चिमुकल्या खोल्या केल्या. प्रमाण एका फुटाला एक इंच. लाकूडकामाला सुतार होता, पण टाचण्यांवर विणलेले पायमोजे त्यांच्या हातचे. मृताच्या कातडीचा बदललेला रंगसुद्धा नेमका. शिकाऊ पोलिसांनी 90 मिनिटं त्या खोलीकडे फक्त बघायचं!

या खोल्या बऱ्याचशा साध्यासुध्या माणसांच्या. मेलेल्यांत बायका पुष्कळ. म्हणजे ज्यांचा पंचनामा घाईघाईत उरकला जातो, अशीच माणसं. त्यांच्यासाठी या श्रीमंत बाईनं एकेक टाका मोजून घातला.

1943 साली न्यू हॅम्पशायर पोलिसांनी त्यांना कॅप्टन केलं. त्यांच्या 18 खोल्या पुढे बॉल्टिमोरला गेल्या आणि तिथेही तपासाच्या प्रशिक्षणात वापरल्या गेल्या.

‘बायकी’ म्हणून ज्या कामाला हसतात, त्यातूनच हे उभं राहिलं. शेवटी घरातली कुठली वस्तू जागेवर नाही, हे घर लावणाऱ्या बाईइतकं कुणाला कळणार?