खडकीची नहर आणि पाण्याचे मजूर

लोणारच्या मंडळींपुढे पाण्याविषयी बोलावयाचे म्हणजे पंढरपुरात जाऊन विठोबाची ओळख करून देण्यासारखे आहे. उल्केच्या आघाताने झालेले, पावणेदोन किलोमीटरच्या वर रुंदीचे विवर तुमच्या उशाशी आहे. त्याच्या तळाशी एवढे थोरले सरोवर आहे, पण ते पाणी खारे, कोणी तोंडात धरणार नाही. काठावर गोमुखातून पडणारी धार त्या सरोवरापुढे केवढीशी! पण पिढ्यान् पिढ्या माणसे गोड्या पाण्यासाठी तिच्याकडेच आली. तेव्हा पाणी असणे निराळे आणि उपयोगाचे पाणी घागरीपर्यंत येणे निराळे, हे आम्ही तुम्हांला काय सांगावे?

व्याख्यानमालेच्या चालकांनी ‘प्राचीन स्थापत्य’ असा विषय सुचविला, तेव्हा दैत्यसूदनाच्या मंदिरावर बोलावे अशी त्यांची अपेक्षा असावी. त्या मंदिरावर बोलणारे अधिकारी पुरुष पुष्कळ आहेत. आमचे शाळेतले शिक्षण सातवीला संपले; पुढचे सारे सार्वजनिक वाचनालयात आणि कामगारांच्या बैठकीत झाले. नगरपालिकांच्या पाणीपुरवठ्यावर राबणाऱ्या माणसांची संघटना बांधण्यात आमची तीस वर्षे गेली. त्यामुळे जुनी इमारत पाहिली की आमच्या मनात पहिला प्रश्न येतो तो असा, की येथे पाणी कोण आणीत होते?

रोमन लोकांच्या जलसेतूचे चित्र आम्ही प्रथम वाचनालयातल्या एका जाड पुस्तकात पाहिले. फ्रान्सच्या दक्षिणेस गार नदीवर तो उभा आहे. कमानींचे तीन मजले, उंची सुमारे ४९ मीटर, आणि सगळ्यांत वरच्या मजल्यावर पाण्याची पन्हळ. आम्हांला वाटले, जलसेतू म्हणजे एवढेच. पुढे वाचता वाचता कळले की नीम शहराला पाणी नेणारा तो सबंध मार्ग सुमारे ५० किलोमीटरांचा असून त्यातला बहुतेक भाग जमिनीखाली आहे. ख्रिस्तपूर्व ३१२ साली बांधलेला रोमचा पहिला जलमार्गही जवळजवळ सगळा भूमिगतच होता. कमानी बांधल्या त्या जेथे दरी आडवी आली तेथे, निरुपाय म्हणून. जमिनीखालचे पाणी थंड राहते, उन्हाने आटत नाही आणि शत्रूच्या नजरेस पडत नाही.

खरी करामत उताराची आहे. उतार जास्त दिला तर पाणी धावते आणि चुन्याचा गिलावा खरवडून नेते. कमी दिला तर गाळ बसतो. गारच्या त्या पुलावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पन्हळीचा उतार जेमतेम अडीच सेंटिमीटर आहे, म्हणजे दोन बोटेही नव्हे! दुर्बिणीचे यंत्र नसताना हे कसे साधले? त्यांच्याजवळ वीस फूट लांबीचे एक लाकडी घोडे होते. त्याला ओळंबे लावलेले असत आणि वाऱ्याने ओळंबे हलू लागले तर वरच्या खाचेत पाणी भरून सपाटी पाहत. आमच्या गवंड्यांची पाणसळ ती हीच. गिलाव्यातही पाहा: चुन्यात भाजलेल्या विटाकौलांचा चुरा मिसळला की तो पाण्याखालीही घट्ट धरतो, हे रोमच्या गवंड्याला ठाऊक होते. आमच्याकडे त्या चुऱ्याला सुरखी म्हणतात. कोणी कोणाचे पाहून केले हा वाद आम्ही पंडितांवर सोपवतो. चुना मळणाऱ्याला जगात कोठेही पाणी अडवायला सांगितले तर तो या युक्तीपर्यंत पोचणार, असे आमचे मत आहे.

इ. स. ९७ मध्ये रोमच्या पाण्यावर फ्रॉन्टिनस नावाचा अधिकारी नेमला गेला. त्याने या खात्याचा वृत्तांत लिहून ठेवला आहे, आणि आम्हांला तो कोणत्याही बखरीपेक्षा गोड वाटतो. त्यात मजुरांचा हिशोब आहे. आग्रिप्पाच्या वेळेपासूनची टोळी २४० माणसांची, क्लॉडियस बादशहाने घातलेली ४६०. एकूण ७०० गुलाम. टाक्या सांभाळणारे निराळे, मार्गावर फेऱ्या घालणारे निराळे, रस्त्याची फरशी उखडून पुन्हा बसविणारे निराळे, गिलावा करणारे निराळे. मुकादम लोक या माणसांना खाजगी कामावर पळवीत. म्हणून दुसऱ्या दिवशी कोणी काय करावयाचे हे आदल्या दिवशी लिहून ठेवावे आणि रोजच्या कामाची नोंद करावी, असा दंडक त्याने घातला. लाच खाऊन मुख्य नळाला चोरून भोके पाडून देणारेही होते. एकोणीसशे वर्षे उलटली, पण हे वाचून आमच्या एका वॉलमन मित्राने विचारले, “दादा, हे आपल्या गावचेच ना?”

आता आपल्या मुलखाकडे येऊ. खडकी हे गाव मलिक अंबराने १६१० साली राजधानीच्या रूपाने वसविले. १६५३ नंतर त्याचे औरंगाबाद झाले, आणि २०२३ पासून ते छत्रपती संभाजीनगर आहे. नाव काहीही ठेवा, पाण्यावाचून राजधानी होत नाही, आणि खडकी तर नावाप्रमाणेच खडकाळ. १६१७ च्या सुमारास अंबराने उत्तरेकडच्या हर्सूलच्या बाजूने भूगर्भातले पाणी शहरात आणले. हीच नहर-ए-अंबरी. जमिनीत मुरलेले पाणी चर खणून, दगडचुन्याच्या बंदिस्त पाटात गोळा करावयाचे आणि निव्वळ उताराने गावात न्यावयाचे. मोट नाही, बैल नाही, पंप तर नाहीच. ही विद्या मूळची इराणाकडची.

मलिक अंबर स्वतः गुलाम होता. १५४८ च्या सुमारास हबसाणात जन्मलेले हे पोर बाजारोबाजार विकले गेले आणि शेवटी अहमदनगरच्या निजामशाहीत चंगीझखान या हबशी वजिराने त्याला विकत घेतले. १६०० साली अहमदनगर पडल्यावर १६२६ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, त्या गुलामाने बुडते राज्य तोलून धरले आणि जहांगीर बादशहाला दक्षिणेत स्वस्थ बसू दिले नाही. रोममध्ये गुलाम पाण्याची राखण करीत. येथे गुलामीतून वर आलेला माणूस पाणी आणविणारा झाला.

गंमत अशी की त्याच सुमारास, १६१५ मध्ये, आपल्या जिल्ह्याच्या उत्तर सीमेपलीकडे बऱ्हाणपुरात मोगलांनीही याच विद्येने कुंडी भंडारा बांधविला. सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी शंभराहून अधिक कुंड्या जोडून शहरात आणले. तेथे सत्ता होती अब्दुल रहीम खानखानानाची, जो अंबराचा समोरासमोरचा शत्रू. आणि १६१६ साली जालन्याजवळ रोषणगावला अंबराचा पराभव करून ज्याने खडकी लुटली, जाळली, तो शाहनवाजखान या खानखानानाचाच मुलगा. त्या स्वारीत आपल्या सिंदखेडचे लखुजी जाधवराव मोगलांच्या बाजूला होते. म्हणजे बापाने एका गावाला पाणी दिले आणि मुलाने दुसऱ्या गावाला आग लावली. खडकी पुन्हा उभी राहिली, तिची नहर वाहू लागली, आणि पुढच्या काळात त्या शहरात आणखी कित्येक नहरी झाल्या. थत्ते नहर आणि पाणचक्कीची नहर या त्यांतल्याच.

हे सगळे पाहावे असा योग मागच्या फाल्गुनात आला. एका खटल्याच्या तारखेसाठी आम्ही दहाबारा जण सुलतानपूर, सिंदखेडराजा, जालना करीत एस. टी.ने गेलो. तारीख पुढे पडली. अर्धा दिवस हाती राहिला. आमच्यात एक निवृत्त फिटर होते, नळजोडणीत जन्म गेलेले; ते म्हणाले, “न्याय नाही तर नाही, पाणी तरी पाहू.”

नहरीचा पुष्कळसा भाग आता मोडला आहे, रस्त्यांच्या आणि घरांच्या पायाखाली गेला आहे. पण वाटेत जुन्या बांधणीचे उंच चौकोनी खांब दिसतात. तेथील लोक त्यांना बंबे म्हणतात. तरुण मंडळींना ते थडग्यासारखे किंवा टेहळणीच्या बुरुजासारखे वाटले. फिटरकाकांनी एका बंब्याला फेरी घातली, मान वर केली आणि तेथेच आम्हांला धडा दिला. गवंडी प्लॅस्टिकच्या नळीत पाणी भरून दोन भिंतींची पातळी काढतो ना? नळी मध्ये कितीही खाली लोंबू द्या, दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीवर उभे राहते. तसेच बंद नळातले पाणी खोलगटात उतरून पुन्हा वर चढते. परंतु नळात हवा कोंडली की प्रवाह अडतो, आणि दाब वाढला की खापराचा नळ फुटतो. म्हणून मध्ये मध्ये पाणी खांबावर चढवावयाचे, वर मोकळी हवा द्यावयाची आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा खाली सोडावयाचे. “आपण लाइनीवर एअर वॉल बसवतो,” काका म्हणाले, “त्यांनी दगडाचा बसवला.”

पाणचक्कीत हेच तत्त्व उघड्यावर दिसते. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातली ही अठराव्या शतकातली चक्की. कित्येक किलोमीटरांवरून आलेले पाणी उंच भिंतीवर चढते, तेथून पडते आणि त्या पडण्याच्या जोरावर जाते फिरते. फकिरांना आणि यात्रेकरूंना भाकरी लागे, तिचे पीठ पाण्याने दळले. जात्यावर ज्यांच्या आया पहाटे उठत होत्या अशी आम्ही माणसे तेथे बराच वेळ उभी राहिलो. शेजारच्या हौदाखाली मोठे दालन आहे. हौदाचा तळ हेच त्याचे छत, म्हणून उन्हाळ्यात ते गार राहते. चारशे वर्षांपूर्वी ज्या शहरात पाणी आपल्या पायांनी चालत आले, त्याच शहराला आज ते पैठणच्या जलाशयातून पंपाने चढवावे लागते. शहर वाढले, लाखांची वस्ती झाली, नहरीने आज ते भागले नसते हे आम्हांला कळते. पण जे चालू होते ते गाडून टाकण्याची काय गरज होती, हे कळत नाही.

पाणी आले, ते प्याले कोण? रोममध्ये घरापर्यंत खाजगी नळ पाहिजे तर बादशहाची सनद लागे. सामान्य माणूस, त्यात गुलामही, रस्त्यावरच्या वाहत्या हौदावर भांडे भरी. हे आम्ही वाचले तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. कारण आमच्या महाराष्ट्रात घरचा हौद अस्पृश्यांना खुला करण्यास १८६८ साली जोतीराव फुले उभे राहावे लागले. महाडचे तळे खुले करण्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ मध्ये करूनही, तेथे ओंजळभर पाणी पिण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो माणसांसह चालत जावे लागले. उतार, चुना, बंबे सगळे साधले होते. पाण्याच्या शेवटच्या हातभर अंतराचे काम तेवढे राहून गेले होते, आणि ते गवंड्याच्या हातचे नव्हते.

नहर खणणाऱ्या बेलदारांची, पाथरवटांची, नळ घडविणाऱ्या कुंभारांची नावे आम्हांला कोणी सांगू शकले नाही. शिलालेखात मस्टर नसते. एका पडक्या जागी खापरी नळाचा तुकडा उघडा पडला होता. एक तोंड निमुळते, ते पुढच्या नळाच्या रुंद तोंडात बसावे असे. फिटरकाकांनी त्यात हात घातला आणि आम्हांलाही घालायला लावला. आतल्या अंगाला चाकावर फिरताना उमटलेल्या कुंभाराच्या बोटांच्या वळ्या लागत होत्या. काकांनी आपली बोटे त्यांवर ठेवून पाहिली, म्हणाले, “याचा हात लहान होता,” आणि तुकडा होता तेथे ठेवला.

परत येताना सिंदखेडराजाला मोती तलावाच्या बांधावर उतरलो, तो दिवस मावळला. तेथून लोणारची शेवटची गाडी निघून गेली होती. पुढची तारीख वैशाखात आहे. या वेळी पाणसळ बरोबर न्यावयाची असे ठरले आहे.