वेग आधी पायात होता

मोकळ्या हाताने गोधडी शिवताना मशीनचे दाते उतरवलेले असतात आणि कापड सरकवणारे फक्त हात उरतात. टाक्याची लांबी मग सुई आणि हात यांच्या वेगांच्या मेळावर ठरते. हा मेळ साधायला महागडे मशीनच लागते, हा समज शिलाई मशीनचा इतिहास पाहिला तर टिकत नाही. 1851 साली अमेरिकेत आयझॅक सिंगरला पेटंट मिळाले आणि पुढे पायमशीन घरोघर गेले. हातमशीनवर एक हात चाकात गुंततो. पायमशीनवर दोन्ही मोकळे, आणि पाय मंदावला तरी सुईमागचा जोर हवा तेवढा देता येतो. 1889 साली सिंगरचे विजेवरचे मशीन आले. अशा मशीनच्या वेग ठरवणाऱ्या जुन्या धाटणीच्या पायकळा रोधक घालून वीज अडवत, त्यामुळे वेगाबरोबर मोटरचा जोरही घटे. जाड थरांत सुई अडे, पाय जास्त दाबला की मशीन एकदम धावे. म्हणजे सोय वाढली, पण मंद वेगावरचा ताबा सुटला (जाहिरातींत हे कशाला येईल!).

पायमशीनची गती एकसारखी राहत नाही, चाक उलटे फिरले की दोरा तुटतो, हा आक्षेप रास्त आहे. कापडाची हालचाल मोजून सुईचा वेग जुळवणारे आजचे नियंत्रक नवशिक्याला उपयोगी पडतात, हेही खरे. मात्र तेच काम सरावलेला पाय आणि डोळा करतात. जुन्या मशीनचे दाते उतरत नसतील, तर टाका शून्यावर ठेवून त्यांवर पातळ पुठ्ठा चिकटवता येतो. कमी पैशांत गोधडी शिवायची असेल, तर चालू स्थितीतले जुने पायमशीन हीच पहिली निवड असावी.