मैल्यातून पेटलेला दिवा : माटुंग्याच्या कुष्ठधामाचा इतिहास

जैववायूच्या, म्हणजे आपल्या बोलीतील गोबरगॅसच्या, इतिहासावर लिहिलेल्या अनेक लेखांत एक वाक्य हमखास भेटते : १८५९ साली मुंबईतील कुष्ठरोग्यांच्या एका वसाहतीत मैल्यापासून वायू तयार करण्याचे संयंत्र उभे राहिले. वाक्य अभिमान वाटावे असे आहे; त्यातील साल मात्र खरे नाही. ती वसाहत म्हणजे माटुंग्याचे 'होमलेस लेपर असायलम', आणि तिचे दार उघडले नोव्हेंबर १८९० मध्ये. जे घरच अस्तित्वात नव्हते, त्याच्या संडासातून वायू कोठून निघणार? तेथील वायूचा उल्लेख सापडतो तो १८९७ चा.

आजचा थ्रेड त्या घराविषयी. ज्यांना शहराला शेजारी नको होते, अशा माणसांचे घर स्वच्छ आणि राहण्याजोगे कसे ठेवले गेले, आणि कोणी ठेवले, याविषयी.

प्रथम पार्श्वभूमी. कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या हान्सेनने १८७३ मध्ये दाखवून दिला होता. १८८९ च्या एप्रिलमध्ये हवाई बेटांवर कुष्ठरोग्यांची सेवा करणारे फादर डेमियन त्याच रोगाने वारले आणि साऱ्या ब्रिटिश साम्राज्यात घबराट पसरली. मुंबईच्या रस्त्यांवर भीक मागणारे महारोगी (तेव्हाचा मराठी शब्द हाच) काही नवे नव्हते. भायखळ्याच्या जमशेटजी जीजीभाई धर्मशाळेत त्यांतील कित्येकांना आसरा मिळे. आता मात्र त्यांच्याकडे पाहण्याची नजर बदलली. कालपर्यंत ज्याच्या हातावर पैसा ठेवून पुण्य जोडायचे, तो आज धोका ठरला.

१८८८ च्या म्युनिसिपल कायद्याने घातक साथरोगाच्या रुग्णाला हलवण्याचे अधिकार पालिकेला दिले होते. १८९० मध्ये म्युनिसिपल कमिशनरच्या खुर्चीवर आलेल्या हॅरी आर्बथनॉट ॲक्वर्थ यांनी त्यांचा आधार घेतला, निधी उभा केला आणि रस्त्यांवरील निराधार रुग्ण माटुंग्याला नेले. हेतू काय होता हे लपवण्यात अर्थ नाही : सुरक्षित ठेवायचे होते ते शहर. घरातील माणसांची सुरक्षितता हा विषय मागाहून आला.

(हे ॲक्वर्थ मराठी वाचकाला अनोळखी नाहीत. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह १८९१ मध्ये 'इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे' हा संग्रह प्रसिद्ध करणारे ते हेच. गोंधळ्यांच्या तोंडचे पोवाडे टिपून घेणारा आणि शहरातील महारोगी हलवणारा अधिकारी एकच होता. माणसे अशीच असतात.)

माटुंगा तेव्हा वस्तीच्या कडेचा ओसाड भाग होता. आज नाहूर किंवा मुलुंडला राहणाऱ्याला माटुंगा म्हणजे भर मुंबई वाटते. त्या काळी नाहूर हे ठाणे जिल्ह्यातील साष्टीचे एक खेडे होते, आणि मुंबई शहर माटुंग्याच्या अलीकडेच विरळ होत असे. ज्या संस्था शहराला नजरेआड हव्या असतात, त्या नेहमी अशाच सीमेवर जातात. पुढे १९०१ मध्ये ठाण्याला मनोरुग्णालय झाले, तेही याच न्यायाने.

वैद्यकीय जबाबदारी आली डॉ. नसरवानजी होरमसजी चोक्सी या ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेल्या तरुण पारशी डॉक्टरांकडे. प्लेगच्या इतिहासात आर्थर रोड रुग्णालयामुळे त्यांचे नाव गाजले. त्याआधीची त्यांची वर्षे माटुंग्यात गेली. १८९० ते १८९७ या काळाचा त्यांचा सविस्तर अहवाल उपलब्ध आहे.

त्यांच्यापुढील प्रश्न आज नीट ध्यानात येत नाही, म्हणून येथे थोडे थांबू. रोगावर औषध नव्हते. चौलमुग्राचे तेल होते, पण त्याचा गुण बेभरवशाचा. डॅप्सोन भारतात आले ते १९४० च्या दशकात, आणि बहुविध औषधोपचार १९८० च्या दशकात. म्हणजे माटुंग्याला दाखल झालेला माणूस बरा होऊन घरी परतेल, ही आशा जवळजवळ नव्हतीच. अशा ठिकाणी छप्पर, पाणी, जेवण, कोरडी जमीन आणि स्वच्छ संडास यांखेरीज वैद्याच्या हाती दुसरे फारसे उरत नाही.

त्यातच कुष्ठरोगाने नसा बधिर होतात. हाताला चटका कळत नाही, पायात शिरलेला खिळा कळत नाही. साध्या घरातील साध्या वस्तू येथे शस्त्रे होतात : चुलीवरून उतरवलेले भांडे, कंदिलाची तापलेली काच, फरशीचा फुटलेला कोपरा. जखम झाली तरी माणूस त्याच पायाने चालत राहतो. ती चिघळते, आणि बोटे जातात ती बहुधा या दुर्लक्षित जखमांमुळे. रोगाने बोटे 'गळतात' हा समज त्यातूनच आला. पुढे विसाव्या शतकाच्या मध्यावर वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांना आढळले की काही रुग्णांची बोटे रात्री झोपेत उंदीर कुरतडत होते आणि त्यांना जागही येत नव्हती. त्यावरचा उपाय कोणत्याही औषधालयात नव्हता. रुग्णांना मांजरे देण्यात आली.

आता मैल्याकडे वळू. १८९० च्या मुंबईत कितीतरी घरांचा मैला हलालखोर टोपल्यांतून वाहून नेत. शब्द इतका रुळलेला की १८८८ च्या कायद्यात 'हलालखोर कर' याच नावाने वसुली होती. एका जातीच्या डोक्यावरील टोपली हीच शहराची मलनिस्सारण व्यवस्था, असे म्हटले तरी चालेल. उघड्या जखमांचे शेकडो रहिवासी असलेल्या घरात तर माशा, दुर्गंधी आणि साचलेली घाण यांची कल्पनाही नको.

त्याच सुमारास युरोपात बंद टाकीचा प्रयोग चालू होता. फ्रान्समध्ये मुरास याने १८८१ च्या आसपास तशी टाकी प्रसिद्ध केली, आणि इंग्लंडमध्ये एक्सेटर येथे डोनाल्ड कॅमेरॉनने १८९५ मध्ये तिला 'सेप्टिक टँक' हे नाव दिले. तत्त्व सोपे आहे. मैला पाण्यासह हवाबंद टाकीत येतो, जड भाग तळाशी बसतो, हवेविना जगणारे जंतू तो कुजवून पातळ करतात, आणि या कुजण्यातून मिथेन हा ज्वलनशील वायू निघतो. वर राहिलेले पाणी अजून शुद्ध नसते. ते जमिनीत मुरवावे लागते. एक्सेटरला वायूवर दिवे लावून पाहिले गेले.

माटुंग्याच्या टाकीला वायू गोळा करण्याची सोय होती आणि त्या वायूवर इंजिन चालवले गेले, अशी १८९७ ची नोंद आहे. दिव्यांसाठीही तो वापरल्याचे सांगितले जाते. मुंबई नगरपालिकेचे ड्रेनेज अभियंते सी. कार्किट जेम्स यांचे नाव या कामाशी जोडलेले आहे. पूर्वेकडील मलनिस्सारणावर त्यांनी १९०६ मध्ये ग्रंथच लिहिला. टाकीतून सुटलेले पाणी आवाराच्या शेतात जाई. त्या शेतात कामाला होते ते असायलमचे रहिवासी.

मला या साऱ्या इतिहासात महत्त्वाचे वाटते ते हे शेवटचे वाक्य. ज्यांच्या हाताचे पाणी घ्यायला शहर तयार नव्हते, त्यांनीच त्या घराची जमीन पिकवली. कमिशनरचे नाव संस्थेला मिळाले, डॉक्टरांचे नाव अहवालावर आहे, अभियंत्याचे ग्रंथावर. शेतात पाणी वळवणाऱ्यांचे एकही नाव सामान्य वाचकापर्यंत पोहोचलेले नाही.

चित्र गुलाबी करण्याचे कारण नाही. लेप्रसी कमिशनने १८९३ च्या अहवालात संसर्गाचा धोका फारच अल्प असल्याचे म्हटले होते. तरीही १८९८ मध्ये 'लेपर्स ॲक्ट' आला आणि भीक मागणाऱ्या निराधार रुग्णाला वॉरंटाशिवाय पकडून असायलमात पाठवण्याची मुभा मिळाली. श्रीमंत रुग्ण आपल्या घरी राही. कायदा गरिबाला लागू होता. स्वच्छ अंगण, वायूचे इंजिन, आणि बाहेर जाण्याचा हक्क मात्र नाही. तीनही गोष्टी एकाच आवारातील आहेत, आणि एकीमुळे दुसरी पुसली जात नाही.

मैल्यापासून वायूचा धागा महाराष्ट्रात पुन्हा वर आला तो कणकवलीत. कोकणचे गांधी अप्पासाहेब पटवर्धन यांनी १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्यावे म्हणून अन्नत्याग केला, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही उपवास मांडला. पुढे गोपुरी आश्रमात अप्पासाहेबांनी संडासाच्या मैल्यावर चालणारे 'मलप्रभा' हे वायुसंयंत्र विकसित केले. माटुंग्याच्या टाकीमागे साथीची भीती होती. अप्पासाहेबांना दुसऱ्याच्या डोक्यावरील टोपली खाली उतरवायची होती.

वरोऱ्याच्या नगरपालिकेत असताना बाबा आमट्यांनी स्वतः मैल्याची टोपली उचलली, तोही याच विचाराचा भाग. तेथूनच त्यांची वाट कुष्ठरोग्यांकडे आणि आनंदवनाकडे वळली. तिथला इतिहास मोठा आहे. त्यावर स्वतंत्र थ्रेड लिहू.

माटुंग्याचे असायलम पुढे ॲक्वर्थ यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. आज ते वडाळ्यात, महापालिकेचे ॲक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय म्हणून चालते. त्याच आवारात कुष्ठरोगाच्या इतिहासाचे छोटे संग्रहालय आहे. नाहूर, भांडुप, मुलुंडकडील मलजल आता भांडुपच्या प्रक्रिया केंद्राकडे जाते. मध्य रेल्वेने तिकडून येणाऱ्यांनी कुर्ल्याला हार्बर मार्गाची गाडी बदलून वडाळ्याला उतरावे.