वासंतीकरण : वनस्पतीची स्मृती आणि लायसेन्कोवाद

हिवाळी गव्हाला फुलोरा येण्यापूर्वी काही आठवडे कडक थंडी सोसावी लागते. ती न मिळाल्यास रोप नुसते पानांनी वाढत राहते. (आपल्याकडील रब्बी गहू थंडीत वाढत असला तरी तो वसंती प्रकारचा असल्याने त्यास ही अट नाही.) अमेरिकेत जॉन क्लिपार्ट यांनी १८५७ मध्ये या गुणधर्माची नोंद केली, तर जर्मनीत गुस्ताव गास्नर यांनी १९१८ मध्ये तो पद्धतशीर प्रयोगांनी मांडला.

१९२७-२८ व १९२८-२९ च्या हिवाळ्यांत युक्रेनमधील गव्हाची मोठी हानी झाली. या पार्श्वभूमीवर त्रोफिम लायसेन्को यांनी हिवाळी गव्हाचे बियाणे भिजवून, थंडीत ठेवून वसंतात पेरण्याचा पुरस्कार केला. 'वासंतीकरण' ही संज्ञा त्यांनी रूढ केलेल्या रशियन शब्दावरूनच आली. येथवर सारे विज्ञानाच्या कक्षेत होते. निकोलाय वाविलोव्ह यांनीही प्रारंभी या कार्यास उत्तेजन दिले. वाद निर्माण झाला तो पुढील दाव्याने. थंडीने घडविलेला बदल संततीतही उतरतो, असे लायसेन्को सांगू लागले. पुरावा तुटपुंजा होता, परंतु राजसत्ता पाठीशी होती. विरोधात उभे ठाकलेल्या वाविलोव्ह यांना १९४० मध्ये अटक झाली व १९४३ मध्ये साराटोव्हच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. ऑगस्ट १९४८ च्या कृषी अकादमीच्या अधिवेशनानंतर सोव्हिएत संघात आनुवंशशास्त्राचे अध्यापनच बंद पडले. लायसेन्को यांचा प्रभाव १९६५ पर्यंत टिकला.

१९९९ मध्ये अॅरॅबिडॉप्सिस या लहानशा वनस्पतीत एफएलसी हे जनुक ओळखले गेले. ते फुलोरा रोखून धरते. दीर्घकाळ थंडी पडली की या जनुकाभोवतीच्या हिस्टोन प्रथिनांवर रासायनिक खुणा उमटतात आणि ते निष्क्रिय होते. डीएनएचा क्रम मात्र बदलत नाही. ऊब परतल्यावरही, पेशीविभाजनानंतरही ही निष्क्रियता टिकते. म्हणजे पेशीला थंडीचे स्मरण राहते.

एपिजेनेटिक्समधील अशा शोधांचा आधार घेऊन अलीकडे रशियातील काही लेखक लायसेन्को यांचे पुनर्वसन करू पाहतात. हा युक्तिवाद टिकणारा नाही. बीजातील गर्भ विकसित होताना एफएलसी पुन्हा सक्रिय होते व नव्या पिढीस थंडीचा अनुभव नव्याने घ्यावा लागतो. शरद ऋतूत रुजणाऱ्या रोपाचे अस्तित्वच या विस्मृतीवर अवलंबून आहे. आईची थंडी त्याच्या 'लक्षात' राहिली असती, तर ते हिवाळ्याच्या तोंडावर फुलले असते आणि बी धरण्यापूर्वीच गारठून गेले असते.