ओट्यामागची भिंत

दिवाणखान्याच्या भिंतीवर आपण येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर लावतो, वाडवडिलांची छायाचित्रे लावतो, आणि आल्या-गेल्याची नजर तेथे जावी म्हणून ती भिंत सजवतो. परंतु घरातील गृहिणीचा सर्वाधिक वेळ ज्या भिंतीकडे तोंड करून जातो, ती ओट्यामागची भिंत मात्र बहुधा गवंड्याच्या किंवा टाइल्सच्या दुकानदाराच्या मर्जीवर सोडली जाते. अलीकडे पांढरेशुभ्र स्वयंपाकघर करण्याकडे अनेकांचा कल आहे. ओटा पांढरा, कपाटे पांढरी, भिंतही पांढरी. काही महिन्यांनी त्याच घरातून सूर निघतो, की खोली कशी दवाखान्यासारखी वाटते! ही उपमा सहज तोंडून निघते, पण तिच्यामागे मोठा इतिहास आहे. तो जाणून घेतल्यास टाइल निवडणाऱ्याला त्याचा उपयोग होईल.

चकचकीत टाइलने भिंत मढवण्याची कला युरोपात अरबांकडून आली. पोर्तुगीज भाषेतील ‘अझुलेजो’ हा शब्दच मूळ अरबी आहे. सोळाव्या शतकाच्या आरंभी राजा पहिला मानुएल याने स्पेनमधील सेव्हिल येथून टाइल्स आणवून सिंत्रा येथील राजवाड्याच्या भिंती मढवल्या. त्याच सुमारास फ्रान्सिस्को निकुलोसो या इटालियन कारागिराने सेव्हिलमध्ये एक नवी रीत आणली. काचलेपात कथलाची भस्मे मिसळली, की भाजलेल्या लाल मातीवर दुधासारखा पांढरा थर चढतो आणि त्यावर कुंचल्याने चित्र काढता येते. म्हणजे टाइलचा पांढरा रंग जन्माला आला तो चित्राचा कागद म्हणून. पुढे चिनी मातीच्या भांड्यांची मोहिनी युरोपवर पडली. कोबाल्टचा निळा रंग भट्टीच्या आचेतही टिकतो, म्हणून पांढऱ्यावर निळे चित्र ही जोडी सर्वत्र रूढ झाली. पणजीतील मिनेझेस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात जॉर्ज कोलासो यांनी १९३५ साली केलेली निळ्या-पांढऱ्या टाइल्सची चित्रे आहेत. ती याच परंपरेतील होत.

स्वयंपाकघरात टाइल आली ती आधी सोयीसाठी. तेलाचा तवंग, धूर आणि ओल यांपासून भिंत वाचावी व फडक्याने पुसता यावी, एवढाच हेतू. पोर्तुगालमधील अल्कोबासा येथील सिस्टर्शियन मठ ११५३ साली स्थापन झाला. अठराव्या शतकात तेथील भव्य स्वयंपाकघर नव्याने बांधण्यात आले, तेव्हा भिंतीच नव्हे, तर प्रचंड धुराडेही टाइल्सनी मढवले गेले. नदीचा एक प्रवाह वळवून थेट स्वयंपाकघरातून खेळवला होता. १७९४ साली विल्यम बेकफर्ड हा इंग्रज लेखक ते पाहून थक्क झाला. १८३४ साली पोर्तुगालमधील मठ बंद करण्यात आले आणि मठवासी निघून गेले. टाइल्स आजही झळकतात, चूल मात्र थंड आहे.

याच शतकात स्पेनमधील वॅलेन्सियाच्या घरांनी निराळा मार्ग धरला. माद्रिद येथील सजावटकलेच्या राष्ट्रीय संग्रहालयात तेथील एक संपूर्ण स्वयंपाकघर जतन करून ठेवले आहे. त्याच्या भिंतींवरील टाइल्सवर घराची मालकीण आणि तिच्या हाताखालची माणसे रंगवलेली आहेत. पाहुण्यांना चॉकलेट देण्याची त्यांची लगबग चालली आहे. जे काम त्या खोलीत रोज होत होते, त्याचाच सन्मान भिंतीने केला होता.

१ नोव्हेंबर १७५५ रोजी, सकल संतांच्या सणाच्या सकाळी, लिस्बन शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले. उभारणीसाठी स्वस्त टाइल्स हव्या होत्या. साध्या, पुन्हापुन्हा येणाऱ्या नक्षीच्या टाइल्स मोठ्या प्रमाणावर बनू लागल्या. शिवाय आग व भूकंप यांपासून रक्षण व्हावे म्हणून संत अंतोनी, पवित्र मरिया आणि इतर संतांची छोटी टाइलचित्रे घरांच्या दर्शनी भिंतींवर बसवण्याचा प्रघात वाढला. संकटातून गेलेल्या माणसांना भिंतीकडून निवाऱ्याखेरीज दिलासाही हवा होता.

हॉलंडमध्ये चुन्याने रंगवलेली पांढरी भिंत सर्वसामान्य होती. वेर्मेर याचे १६५८ च्या सुमाराचे दूध ओतणाऱ्या मोलकरणीचे चित्र पाहा. मागे पांढरी भिंत, तिच्या तळाशी निळ्या चित्रांच्या टाइल्सची एकच ओळ. तरीही ती खोली थंड वाटत नाही. खिडकीतून येणारा उजेड, टोपलीतील पाव आणि त्या स्त्रीची पिवळी चोळी यांनी ती ऊबदार झाली आहे. डच टाइल्सवर बायबलमधील प्रसंगही रंगवले जात. १७०२ साली लंडनमध्ये जन्मलेले प्रॉटेस्टंट उपदेशक व गीतकार फिलिप डॉड्रिज यांना अक्षरओळख होण्यापूर्वीच त्यांच्या आईने शेगडीभोवतीच्या डच टाइल्स दाखवून बायबलच्या कथा शिकवल्या होत्या. त्या घरात शेगडीजवळची भिंत हीच बालकाची पहिली पाटी झाली.

मग ही भिंत मुकी केव्हा झाली? २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी क्षयरोगाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. रोग डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंमुळे होतो हे लोकांना पटू लागले आणि मळ लपवणाऱ्या रंगांची भीती बसली. इस्पितळे, दुग्धालये, खाटकांची दुकाने यांच्या भिंती पांढऱ्या टाइल्सनी झाकल्या गेल्या. १९०४ साली सुरू झालेल्या न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत हाइन्स आणि लाफार्ज या वास्तुविशारदांनी तीन बाय सहा इंचांच्या पांढऱ्या टाइल्स वापरल्या. हाच पांढरा रंग न्हाणीघरातून स्वयंपाकघरात शिरला. त्याने आरोग्याचे भले केले, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. परंतु चित्राचा कागद कोराच राहिला. पांढरे स्वयंपाकघर दवाखान्यासारखे भासते, कारण दोघांचे घराणे एकच आहे.

मात्र स्वच्छता म्हणजे पांढराच रंग, हेही खरे नव्हे. मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद स्त्रीने १९२६ साली कामगार कुटुंबांसाठी आखलेले ‘फ्रँकफर्ट स्वयंपाकघर’ सुमारे दहा हजार घरांत बसले. त्याची कपाटे निळ्या छटेची होती. निळ्या रंगावर माश्या बसत नाहीत, असा त्या काळी समज होता. फ्रान्समधील जिव्हेर्नी येथे चित्रकार क्लोद मोने यांच्या स्वयंपाकघरात निळ्या-पांढऱ्या टाइल्स आहेत. त्यांवर टांगलेल्या तांब्याच्या भांड्यांची लाली खोलीला ऊब देते.

या इतिहासातून आपल्या घरासाठी काय घ्यावे? पहिली गोष्ट, गॅसच्या मागे काचलेप असलेलीच टाइल हवी. उघडी भाजकी माती फोडणीचे तेल शोषून घेते. दुसरी, शुभ्र पांढऱ्याऐवजी सायीचा, गव्हाळ किंवा फिकट मातकट रंग घ्यावा. ट्यूबलाइटखाली शुभ्र पांढरा निळसर दिसतो. किंचित ओबडधोबड, हाताने केल्यासारख्या टाइलवर उजेड सौम्यपणे पसरतो. सांध्यांत पांढरे सिमेंट भरल्यास हळदीचे डाग पडतात, तेव्हा बिस्किटी रंग बरा. पांढऱ्या टाइल्स आधीच बसवल्या असतील, तर त्या उखडण्याचा खर्च नको. मध्यभागी चार-सहा चित्रमय टाइल्सचा तुकडा बसवावा, अथवा लाकडाची फळी व तांब्या-पितळेची भांडी तेथे मांडावीत. वेर्मेरच्या खोलीत टाइल्सची एक ओळ पुरली होती.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, नमुना पसंत करण्यापूर्वी जी व्यक्ती त्या भिंतीसमोर उभी राहणार आहे तिला विचारावे. टाइलचे नमुने दुकानातून घरी आणून सकाळी आणि दिवेलागणीला ओट्यामागे टेकवून तिने पाहावेत. घरातील सर्वांची ताटे तिच्या हातून वाढली जातात. निदान त्या एका भिंतीवर तरी निवडीचा पहिला अधिकार तिचा असावा.