काडतुसाची लांबी गोळीच्या टोकापासून मोजली तर काय बिघडतं?

अमेरिकेत अनेक शिकारी आणि नेमबाज काडतुसं घरीच भरतात. उडालेली पितळी पुंगळी पुन्हा घ्यायची, तळाशी नवा प्रायमर बसवायचा, दारू भरायची आणि तोंडात नवी गोळी दाबायची. याला हँडलोडिंग म्हणतात. भारतात काडतूस बनवायला शस्त्र अधिनियम १९५९ नुसार परवाना लागतो, त्यामुळे हा घरी करून बघायचा उद्योग नाही. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये ज्या प्रकारात ऑलिम्पिक कांस्य जिंकलं, त्यातली पॉइंट २२ ची काडतुसं तर फॅक्टरीतूनच येतात.

गोळी पुंगळीत किती खोल दाबायची, ती सीटिंग डेप्थ. इथे हिशेब इंचाच्या हजाराव्या भागात चालतो.

रायफलच्या नळीत पिळाचे चर असतात, त्यांच्यामुळे गोळी गिरक्या घेत जाते. काडतूस आत बसलं की गोळी आणि हे चर यांच्यात थोडी फट उरते. तिला जंप म्हणतात. फट किती, यावर नेम बराच अवलंबून असतो. पण गोळी चरांना आधीच टेकली असेल, तर बार उडताना दाब एकदम वाढतो. एरवी सुरक्षित असलेलं दारूचं प्रमाण मग धोक्याचं ठरू शकतं. गोळी फार खोल गेली तरी दारूला जागा कमी पडते आणि दाब वाढू शकतो.

मग व्हर्नियर कॅलिपरने तळापासून टोकापर्यंत मोजलं की झालं? नाही. एकाच खोक्यातल्या गोळ्यांची टोकंही सारखी नसतात, शिशाची मऊ टोकं तर चेपतात. शिवाय टोक चरांना लागतच नाही! लागतो तो मागचा गोलाईचा भाग, जिथे गोळी चरांएवढी रुंद होते. हँडलोडर त्याला ओजाइव्ह म्हणतात. कॅलिपरला कम्पॅरेटर नावाचा भोकाचा छोटा तुकडा लावला, की गोळी नेमकी त्या भागावर अडते आणि माप तिथून मिळतं.

चर कुठे सुरू होतात, हे शोधायला दांड्यावर बसवलेली खास पुंगळी वापरतात. तिच्यातली सैल गोळी चरांना टेकेपर्यंत हलकेच पुढे सरकवायची, स्क्रू आवळायचा, बाहेर काढून मोजायचं. हे चार-पाच वेळा करायचं, कारण हाताचा जोर बदलला की आकडाही बदलतो.

एकूण लांबीही बघावी लागतेच, नाहीतर काडतूस मॅगझिनमध्ये मावणार नाही. पॉइंट ३०८ विंचेस्टरसाठी अमेरिकी मानक कमाल २.८१० इंच, म्हणजे ७१.३७ मिमी आहे.

दुसऱ्याने पोस्ट केलेला आकडा मात्र कामाचा नाही. रायफल, गोळी, अगदी कम्पॅरेटर बदलला तरी तो बदलतो. तीच रायफल वापरत राहिलं तरी गरम वायूंनी चरांची सुरुवात झिजून पुढे सरकते, म्हणून हँडलोडर काही शे बारांनंतर पुन्हा मोजतात.